चुलीतलं ऊन

मुलांनो, आज सकाळी तुमच्या घरी चहा कशावर उकळला?

कुणी म्हणेल चुलीवर, कुणी म्हणेल गॅसवर, तर कुणी म्हणेल गोबरगॅसवर. मुंबई-पुण्याची मुलं म्हणतील, नळीतून येणाऱ्या गॅसवर. माझं उत्तर मात्र तुम्हां सगळ्यांसाठी एकच आहे. तुमचा चहा उन्हावर उकळला!

हसू नका हं. आमच्या मालवणकडे आषाढात आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. तेव्हासुद्धा चहा उन्हावरच उकळतो. हे ऊन कोण साठवून ठेवतं, कुठे ठेवतं आणि ते चुलीपर्यंत कसं पोचतं, तीच आजची गोष्ट. ही गोष्ट नीट समजली, तर तुमच्या आईच्या डोक्यावरचं ओझं थोडं हलकं करता येईल. डोक्यावरचं म्हणजे खरोखरचं डोक्यावरचं, बरं का! कसं ते पुढे पाहूच.

माड कशाचा झाला?

मी मालवणजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेच्या आवारात एक उंच माड आहे. एकदा चौथीच्या मुलांना मी विचारलं, "हा एवढा मोठा माड कशापासून झाला?"

"मातयेतसून, बाई!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

"मग त्याच्या बुडाशी केवढा मोठा खड्डा पडायला हवा होता! तो कुठाय?"

वर्ग गप्प. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "पाण्यातसून?"

अगदी असाच विचार पावणेचारशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाच्या मनात आला होता. त्याचं नाव यान व्हान हेलमाँट. तो आजच्या बेल्जियम देशातला. त्याने एका मोठ्या कुंडीत सुमारे ९० किलो सुकवलेली माती तोलून भरली आणि तिच्यात विलो नावाच्या झाडाचं सुमारे सव्वादोन किलोचं रोप लावलं. पाच वर्षं त्याने कुंडीत पाण्याशिवाय काहीही घातलं नाही. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं, तर ते भरलं सुमारे ७७ किलो! आणि माती? तीही पुन्हा सुकवून तोलली. ती कमी झाली होती जेमतेम ५७ ग्रॅम. म्हणजे मूठभरसुद्धा नाही.

हेलमाँटने अनुमान काढलं, की झाड पाण्याचंच बनतं. त्याचा हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला. त्याचं उत्तर अर्धंच बरोबर होतं. उरलेलं अर्धं उत्तर त्याच्या आजूबाजूलाच होतं, पण डोळ्यांना दिसत नव्हतं. ते होतं हवेत.

पुढे इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ साली एक गंमत पाहिली. बंद भांड्यात मेणबत्ती जळून विझली की त्या हवेत दुसरी मेणबत्ती पेटत नाही. पण त्याच भांड्यात पुदिन्याची फांदी काही दिवस ठेवली, तर मेणबत्ती पुन्हा पेटते! झाड हवा सुधारतं, असं त्यांना दिसलं. मग १७७९ साली यान इंगेनहाउस यांनी दाखवून दिलं, की हे काम झाडाचे हिरवे भागच करतात आणि तेही उजेडातच.

आता सांगा पाहू, माड कशाचा झाला? हवेचा, पाण्याचा आणि चिमूटभर मातीचा. आणि या सगळ्याला बांधून ठेवणाऱ्या उन्हाचा.

पानातलं स्वयंपाकघर

एखादं पान उलटं करून पाहा. त्याच्या खालच्या बाजूला अगदी बारीक बारीक छिद्रं असतात. साध्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. या खिडक्यांतून हवा आत जाते. हवेत कार्बन डायॉक्साइड वायू फार थोडा असतो. हवेचे दहा हजार कण मोजले तर त्यांत हा वायू जेमतेम चार कण भरतो. पण पानाला तेवढाच हवा असतो.

पाणी येतं मुळांकडून, खोडातल्या बारीक नळ्यांतून चढत चढत. आणि पानात असतं हरितद्रव्य. हे उन्हातला लाल आणि निळा उजेड शोषून घेतं आणि हिरवा बराचसा परत पाठवतं. म्हणून तर पान आपल्याला हिरवं दिसतं.

सामानसुमान जमलं. आता चूल पेटायला हवी. ती चूल आहे सूर्य! सूर्य इथून १५ कोटी किलोमीटर लांब. तिथून निघालेला उजेड सव्वाआठ मिनिटांत आपल्या माडाच्या झावळीवर येऊन पडतो. त्या उजेडाच्या जोरावर पान पाण्याचे तुकडे करतं. पाण्यातला ऑक्सिजन, म्हणजेच प्राणवायू, बाहेर सोडून देतं. उरलेला हायड्रोजन कार्बन डायॉक्साइडला जोडतं आणि साखर तयार करतं. या सगळ्या कामाला प्रकाशसंश्लेषण म्हणतात. शब्द जरा अवघड आहे. दहा वेळा मोठ्याने म्हणा म्हणजे जमेल.

ही साखर झाड नाना तऱ्हांनी वापरतं. भाताच्या लोंबीत ती पिष्ट होऊन बसते, म्हणजे आपला तांदूळ. नारळाच्या खोबऱ्यात तिचं तेल होतं. खोडात, सोडणात, करवंटीत तिचे लांबच लांब धागे होतात, त्यांना सेल्युलोज म्हणतात. उसात ती साखरच राहते. रूपं निराळी, पण मूळ माल एकच!

आता चुलीकडे येऊ. सोडण पेटवलं की काय होतं? पानाने जे केलं होतं त्याच्या बरोबर उलट. पानाने प्राणवायू वेगळा काढला होता, तो हवेतून परत येऊन मिळतो. कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ पुन्हा हवेत जातात. आणि वेगळं काढताना पानाने जे ऊन खर्च केलं होतं, तेच उजेड आणि उष्णता होऊन बाहेर पडतं. चुलीतली ज्वाळ म्हणजे सुटं झालेलं ऊन. आता पटलं ना, चहा कशावर उकळला ते?

ताजं ऊन आणि मुरलेलं ऊन

सगळंच ऊन सारख्या वयाचं नसतं, बरं का. यंदाचा पातेरा आणि गळलेली चुडतं, म्हणजे माडाच्या वाळलेल्या झावळ्या, हे आहे ताजं ऊन. आंब्याचं किंवा ऐनाचं जाड लाकूड जाळता तेव्हा वीस-तीस-पन्नास वर्षं साठलेलं ऊन जळतं.

आणि सिलिंडरमधला गॅस? त्यासाठी समुद्रावर जाऊ या. समुद्राच्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य वनस्पती तरंगत असतात. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्यातलं जवळजवळ निम्मं समुद्रात होतं! हे प्लवक तारली खाते, तारलीला सुरमई खाते आणि सुरमईला आपण. म्हणजे आपल्या ताटातली आमटीही उन्हाचीच.

कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असेच प्लवक मरून समुद्राच्या तळाशी गेले, गाळाखाली दाबले गेले, आतल्या उष्णतेने शिजले आणि त्यांचं तेल व वायू झाले. आपल्याच अरबी समुद्रात, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली असं तेल सापडलं. तेच ते प्रसिद्ध बॉम्बे हाय. सिलिंडरमधला गॅस अशा तेलातून आणि नैसर्गिक वायूतून काढतात. दगडी कोळसाही तसाच, फक्त तो जुन्या जंगलांचा. हे झालं मुरलेलं ऊन.

मुरलेलं ऊन वापरण्यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ते पुन्हा मुरायला कोट्यवधी वर्षं लागतात आणि आपण ते दोन-तीनशे वर्षांत संपवायला निघालो आहोत. दुसरी अडचण अधिक मोठी. त्यातला कार्बन फार पूर्वी जमिनीत पुरला गेला होता. तो आता एकदम हवेत येतो आणि पृथ्वी तापते. ताज्या उन्हाचं तसं नसतं. चुडत जाळून जो कार्बन हवेत गेला, तो माडाने हवेतूनच तर घेतलेला होता. नवी झावळ फुटली की ती तो परत घेते. पण इथेही एक अट आहे. जितकं जळेल तितकं पुन्हा उगवलं पाहिजे. झाड तोडलं आणि नवं लावलंच नाही, तर हिशेब जमणार कसा?

धुराचा हिशेब

आमच्याकडे मे महिन्यात सगळ्यांची एकच घाई असते, ती म्हणजे पावसाळ्याची बेगमी. लाकडं फोडा, चुडतं बांधा, सोडणं सुकवून माळ्यावर टाका. एकदा पाऊस लागला की रानातलं सगळं ओलंकिच्च. घरात सिलिंडर आला तरी न्हाणीतलं पाणी अजून कितीतरी घरी चुलीवरच तापतं, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. मग ओलसर लाकूड चुलीत घालायचं, फुंकणीने फुंकायचं आणि डोळे चोळायचे. हे काम कोण करतं? तुम्ही पाहिलंच आहे.

लाकूड ओलं असलं, हवा कमी पडली, की ते पुरतं जळत नाही. न जळलेले बारीक कण धुरातून बाहेर पडतात. भिंतीवर काजळी धरते ती त्यांचीच. भिंतीवरची काजळी दिसते, छातीतली दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या अशा धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत बायका आणि लहान मुलं फार. म्हणून चूल हा विषय नुसता विज्ञानाच्या पुस्तकातला नाही.

दुसरं पोट

आता गोठ्यात चला. गाय पेंढा खाते. आपण पेंढा खाल्ला तर पचेल का? मुळीच नाही. खरं तर गाईलाही तो स्वतःहून पचवता येत नाही! तिच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. तेच सेल्युलोजचे धागे तोडून गाईला अन्न तयार करून देतात. गाय त्यातली ऊर्जा दुधासाठी, चालण्यासाठी, अंग गरम ठेवण्यासाठी वापरते. जे सुटत नाही ते शेणात पडतं.

म्हणजे शेण हे सुद्धा उरलेलं ऊन! त्याच्या गोवऱ्या थापून जाळल्या तर ऊन मिळतं, पण धूरही होतो आणि खत जातं. शेणखड्ड्यात टाकलं तर खत मिळतं, पण ऊन वाया जातं. दोन्ही कसं मिळवायचं?

याचं उत्तर एका तळ्यात दडलं होतं. आमच्या मालवण तालुक्यात धामापूरचं सुंदर जुनं तळं आहे. तशा कोणत्याही तळ्याच्या तळाशी पानं कुजत असतात. तिथे हवा पोचत नाही. अशा जागी काही सूक्ष्मजीव कुजलेल्या पानांपासून मिथेन नावाचा वायू तयार करतात आणि त्याचे बुडबुडे वर येतात. इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १७७६ साली मॅज्जोरे सरोवराच्या काठचा गाळ काठीने ढवळून असे बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवून दाखवले. हेच व्होल्टा पुढे विजेच्या घटामुळे जगभर प्रसिद्ध झाले.

गोबरगॅस म्हणजे तळ्याचा तळ आपल्या अंगणात आणणं. किंवा असं म्हणा, की गाईला अंगणात दुसरं पोट बांधून देणं! जमिनीत विटा-सिमेंटची हवाबंद टाकी असते, वरून घुमटासारखी. एका बाजूच्या कुंडीत रोज जेवढं शेण तेवढंच पाणी कालवून आत सोडतात. आत सूक्ष्मजीवांची जणू पंगतच बसते. काही जण लांब धागे तोडतात, काही त्यांची आम्लं करतात आणि शेवटच्या पानावर बसतात मिथेन बनवणारे. या शेवटच्या मंडळींना प्राणवायू अजिबात सोसत नाही. म्हणून तर टाकी हवाबंद. त्यांना ऊब मात्र फार आवडते. साधारण ३५ अंश सेल्सियसला ती जोरात काम करतात. कोकणात थंडी बेताचीच, त्यामुळे त्यांची इथे चांगली बडदास्त राहते.

शेणाचा काला टाकीत साधारण चाळीस दिवस राहतो. गॅस घुमटात जमतो आणि नळीने शेगडीपर्यंत येतो. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन असतो, बाकीचा बहुतेक कार्बन डायॉक्साइड. तो निळ्या ज्योतीने जळतो आणि भांड्यांना काजळी धरत नाही. दुसऱ्या बाजूने बाहेर येते ती स्लरी. शेणातलं नत्र, स्फुरद, पालाश हे सगळं तिच्यात शिल्लक असतं. ती माडा-पोफळीच्या आळ्यात घातली की झाडं पुन्हा जोमाने ऊन साठवायला मोकळी!

आता वही-पेन्सिल घ्या. मी म्हटलं होतं ना, डोक्यावरचं ओझं?

एक किलो शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो. दोन घनमीटरच्या टाकीला रोज ५० किलो शेण लागतं. चार-पाच मोठी जनावरं असली की भागतं. आमची कोकण कपिला गाय अंगाने लहान, तेव्हा एखाद-दुसरं जनावर जास्त धरा. एक घनमीटर गॅस साडेतीन किलो लाकडाचं काम करतो. म्हणजे दोन घनमीटर गॅसने रोज सात किलो लाकूड वाचलं. वर्षाचे दिवस ३६५. गुणाकार करा. उत्तर आलं २,५५५ किलो! एक भारा २५ किलोचा धरला, तर वर्षाला शंभराहून जास्त भारे. रानातून डोक्यावरून आणलेले शंभर भारे! तेवढी झाडं रानात उभी राहिली आणि तेवढ्या खेपा वाचल्या.

घाणीतून सोनं

गोबरगॅस आज-कालचा नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्यापासून असा गॅस मिळवून वापरला होता. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तरंगत्या झाकणाचं 'ग्रामलक्ष्मी' संयंत्र तयार केलं आणि खादी-ग्रामोद्योग आयोगाने ते देशभर पोचवलं. १९८१-८२ पासून केंद्र सरकारने गोबरगॅससाठी राष्ट्रीय योजना सुरू केली.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचं नातं याहून जवळचं आहे. 'कोकणचे गांधी' म्हणून ओळखले जाणारे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. त्याआधी, १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी एक विलक्षण मागणी केली होती. मला सफाईचं काम करू द्या! त्यासाठी त्यांनी उपोषण केलं आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही अन्न सोडलं. ज्या कामामुळे माणसांना कमी लेखलं जात होतं, ते काम अप्पासाहेबांनी आपण होऊन अंगावर घेतलं. पुढे त्यांचा गोपुरी संडास प्रसिद्ध झाला. मैला हाताळावा न लागता त्याचं उत्तम खत व्हावं, असा तो विचार होता. ज्याला आपण नाक मुरडतो, तेही कधीकाळी पानाने साठवलेलं ऊनच असतं, नाही का? आजही गोबरगॅसच्या टाकीला घरचा संडास जोडता येतो.

अलीकडच्या काळात कुडाळ तालुक्यातल्या झाराप इथल्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने आणि त्याचे डॉ. प्रसाद देवधर यांनी जिल्ह्यात गावोगावी गोबरगॅसचा प्रसार केला. डॉक्टरांनी औषधाबरोबर चुलीचीही चौकशी करावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गोठा रिकामा झाला तर?

पण मुलांनो, एक खरी अडचण सांगायलाच हवी. नांगरणीला आता पॉवर टिलर आले. घरातली तरणी माणसं मुंबईला नोकरीला. म्हातारी माणसं गुरं किती सांभाळणार? गोठा रिकामा झाला की शेण नाही, शेण नाही की टाकी बंद. अशी बंद टाकी पाहिली की वाईट वाटतं.

इथे पुण्याच्या 'आरती' या संस्थेतल्या डॉ. आनंद कर्वे यांचा विचार कामी येतो. कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी साधा प्रश्न विचारला. गाईने चाऱ्यातली ऊर्जा आधीच काढून घेतली आहे, मग उरलंसुरलं शेणच सूक्ष्मजीवांना का घालायचं? त्यांना सरळ अन्नच दिलं तर? शिळा भात, पीठ, खराब फळं यांत पिष्ट आणि साखर भरपूर. अशा एक-दोन किलो खरकट्यापासून, ढीगभर शेणातून मिळेल तेवढा गॅस मिळू शकतो आणि तोही लवकर. प्लॅस्टिकच्या टाक्यांचं हे छोटं संयंत्र घराच्या गच्चीवरही मावतं. या कामासाठी 'आरती'ला २००६ साली लंडनमध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. सुरुवातीला टाकीत शेणाचं विरजण मात्र घालावं लागतं, कारण सूक्ष्मजीव तिथूनच येतात. एकदम खूप खरकटं कोंबलं तर आतलं सगळं आंबट होतं आणि गॅस थांबतो. पोटाचंच ते, जास्त झालं की बिघडणारच!

एक खबरदारी मोठ्यांनी घ्यायची. मिथेन हवेत सुटला तर कार्बन डायॉक्साइडपेक्षा कितीतरी पटीने पृथ्वी तापवतो. म्हणून टाकीला किंवा नळीला गळती नको आणि जमलेला गॅस वापरून टाकावा.

करून पाहा

१. पानाचा श्वास पाहा. मासे ठेवायच्या काचेच्या टाकीत वाढते तशी पाणवनस्पती, म्हणजे हायड्रिला, मिळवा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका आणि वनस्पती बुडवून पेला उन्हात ठेवा. देठातून बुडबुडे निघतील. एका मिनिटात किती ते मोजा. मग पेला सावलीत नेऊन पुन्हा मोजा. आकडे वहीत लिहा. हे बुडबुडे प्राणवायूचे. (वनस्पती घ्यायला तळ्यावर एकटं जायचं नाही!)

२. बाटलीतलं पोट. एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ताजं शेण आणि तेवढंच पाणी कालवून पाऊण भाग भरा. बाटलीच्या तोंडाला फुगा घट्ट बांधा आणि बाटली उबदार जागी ठेवा. झाकण मात्र कधीही लावू नका, बाटली फुटेल. रोज हलकेच हलवा. काही दिवसांनी फुगा भरू लागेल. सुरुवातीच्या वायूत कार्बन डायॉक्साइडच जास्त असतो. फुग्याजवळ काडी ओढायची नाही आणि फुगा सोडायचा तो उघड्या हवेतच. हात साबणाने धुवा.

३. घरचा हिशेब. आठ दिवस रोज चुलीत किती लाकूड जातं ते आईला विचारून ताणकाट्यावर तोला. सिलिंडर असेल तर तो किती दिवस पुरतो ते लिहा. खरकटं किती निघतं तेही तोला.

हा तिसरा प्रयोग सगळ्यांत महत्त्वाचा. तो पुरा झाला की वही घरातल्या मोठ्यांसमोर ठेवा आणि वर्षाचा गुणाकार त्यांना करून दाखवा. आणि पालकांनो, मुलांनी ठेवलेली ती वही हसण्यावारी नेऊ नका. घरी गुरं असतील, किंवा अंगणात जुनी टाकी बंद पडून असेल, तर पंचायत समितीत किंवा जिल्हा परिषदेच्या कृषी विभागात एकदा चौकशी करून पाहा. गुरं नसतील तर खरकट्याच्या टाकीचा विचार करा. तेही जमत नसेल, तर निदान चुलीवर धूर बाहेर जायला नळकांडं बसवा, लाकूड वाळवूनच जाळा आणि जितकं तोडलं तितकं लावा.

आता मोठी सुट्टी संपत आली असेल, तेव्हा शेवटचं विचारते आणि थांबते. आज दुपारी ताटात काय काय होतं ते आठवा. भात, आमटी, खोबऱ्याची चटणी, ताक. यांतल्या प्रत्येक पदार्थातलं ऊन कुठल्या पानाने साठवलं आणि कुठल्या वाटेने तुमच्या ताटात आलं, ती वाट काढून दाखवा पाहू! ताकाची वाट सगळ्यांत लांब आहे, एवढंच सांगून ठेवते.